मंगळवारचं घर

बाळंतपणानंतर घरोघरी जाऊन विचारपूस करणाऱ्या ताई दर बुधवारी यायच्या. म्हणून मंगळवारी ती बाळाला खांद्यावर टाकून घर लख्ख करायची आणि बुधवारी हसून म्हणायची, “मजेत चाललंय आमचं!”

या खेपेला ताई मंगळवारीच दारात उभ्या. खुर्चीत लंगोटांचा ढीग, मोरीत कालची भांडी, अंगात परवाचा गाऊन. मेल्याहून मेल्यासारखं होऊन ती रडूच लागली.

“अगं वेडे,” ढीग मांडीवर घेऊन ताई घड्या घालायला बसल्या, “तुझं ते चकचकीत घर बघून मला माझ्या घराची लाज वाटायची! आता खरं सांग, कशी आहेस?”

“दमलेय हो, ताई.”

“मग जा, नीज जरा. बाळाकडे मी बघते. आणि उद्या परत येतेय. घर आवरलेलं दिसलं, तर गाठ माझ्याशी आहे!”