माझ्या पात्यांनी पळवलेला घोडा

मी एक जुनी कात्री आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका! मी शिंप्याची नव्हे, न्हाव्याची तर मुळीच नव्हे. मी तंबूतल्या सिनेमाची कात्री! लोहाराच्या भट्टीत जन्मले आणि नंदुरबारला रेवजी ऑपरेटरच्या हाती पडले, तेव्हा कुठे माझं नशीब उघडलं.

तेव्हा मूकपट होते. पडद्यावरचं चित्र हळूहळू काळोखात विरलं की तो फेड-आउट. एका चित्रातून दुसरं उमललं की डिझॉल्व्ह. ही नाजूक कामं चित्रपट कंपनीतूनच होऊन येत. पण कट? एका चित्रावरून थेट दुसऱ्यावर उडी? तिथे माझं राज्य! मी कापायचं, आणि रेवजीने टोक खरवडून, चिकट मसाला लावून जोड द्यायचा.

त्या वर्षी आमचा तंबू मिरचीच्या पथारीशेजारी ठोकला होता. लाल मिरच्या उन्हात पसरलेल्या, वाऱ्यावर त्यांची भुकटी उडायची. ती मेली मसाल्यात बसली आणि पहिल्याच खेळाला जोड सुटला. फिल्मची पट्टी यंत्रात अडकली, दिव्याच्या आचेने जळाली. गेला तोही नेमका शेवटाकडचा प्रसंग! पुरात खडकावर अडकलेली बहीण आणि तिला वाचवायला निघालेला भाऊ. लोकांनी तंबू डोक्यावर घेतला.

मालक चुडामणशेठ कडाडले, "रेवजी, सकाय पट्टी तुटनी ते मी तंबू उखाडी टाकसू!" उद्या पट्टी तुटली की तंबूच गेला. रेवजीचा सगळा जीव त्या तंबूत. बिचाऱ्याला घास गोड लागेना.

सकाळी त्याच्या बायकोने, सुंदरबाईने, ओलं लुगडं दोरीवर टाकून आडोसा केला. भुकटी बाहेरच अडली. भावाबहिणीची भेट जळण्यातून वाचली होती, पण तिच्याआधीचे दोनच लांब तुकडे उरले होते. एकात घोड्यावरून दौडणारा भाऊ, दुसऱ्यात बहिणीच्या भेदरलेल्या चेहऱ्याचा क्लोज-अप. रेवजी ते एकामागे एक जोडायला बसला.

सुंदरबाई म्हणाली, "इतला घोडा दखाडशात ते लोके जांभया दितीन. थोडा घोडा, थोडं तिन्हं तोंड, आखो घोडा!"

रेवजीने मला उचललं. कच्! घोडा. कच्! बहीण. पुढे पुढे तुकडे आखूड, आणखी आखूड. याला समांतर कट म्हणतात, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

संध्याकाळी म्हसावदहून बैलगाड्या भरून लोक आले. पडद्यावर घोडा सुटला, बहीण दिसली, पुन्हा घोडा... आणि अख्खा तंबू उठून ओरडू लागला, "पय रे घोडा, पय!" एकही जोड सुटला नाही. भेट झाली तेव्हा फेटे हवेत उडाले. चुडामणशेठनेही आपला उडवला! "रेवजी, आखो एक खेय लाव!" मालकच आणखी एक खेळ मागत होते! अहाहा, काय सांगू, माझी पाती आनंदाने वाजत होती.

आता बोलपट आले. मधेच कापलं की बोलणंही तुटतं. म्हणून सुंदरबाई माझ्याने मिरचीच्या पोत्यांची सुतळी कापते. कापू दे बापडी. फक्त मित्रांनो, मला पुसून, तेल लावून ठेवा, भुकटीत टाकू नका. उद्या पुन्हा कुणाची बहीण पुरात अडकली, तर घोडा मलाच पळवायचाय!