ओळीच्या शेवटची खूण

कव्हर काढू नका, धूळ उडेल. बोलतोय तो मीच, या प्लॅस्टिकखालचा कॉम्प्युटर.

माझे मालक शाळेत गणित शिकवायचे. एकदोन नाही, छत्तीस वर्षं. त्यांना सगळे मास्तर म्हणत, म्हणून मीही मास्तरच म्हणतो. ते निवृत्त झाले त्याच महिन्यात त्यांच्या लेकीने मला या घरात आणलं. तिचं खरं नाव काही का असेना, घरात ती ठकू. तिची आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. ठकू प्रोग्रॅम लिहिण्याचं काम करायची आणि नोकरीसाठी दूरच्या शहरात राहायला निघाली होती. बाबा एकटे पडतील, हातांना आणि डोक्याला काहीतरी काम हवं, हा तिचा हिशेब.

काम तिने मोठं छान शोधलं. मास्तरांनी शाब्दिक उदाहरणं रचायची, एका ओळीत एक. ठकूने प्रत्येकाला सोडवण्याची युक्ती जोडायची आणि मुलांना पडद्यावर सोडवता येईल असा प्रोग्रॅम करायचा. फाइल एकच, माणसं दोन, गावं दोन. मग एकाने केलेला बदल दुसऱ्याने पुसू नये म्हणून तिने माझ्यात गिट नावाचं, बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर बसवलं. मास्तरांना तिने समजावलं ते असं: "बाबा, हे आपलं हजेरीपुस्तक. कोणी, कधी, काय बदललं ते सगळं यात राहतं. आधी माझं काम ओढून घ्यायचं. मग तुमचं लिहायचं आणि एका ओळीच्या निरोपासह त्याची नोंद करायची. शेवटी नोंद माझ्याकडे ढकलायची."

ओढणं, नोंद, ढकलणं. मास्तरांनी तिन्ही आज्ञा वहीत लाल शाईने लिहिल्या आणि आठवड्याभरात पाठ केल्या.

खरी गंमत होती ती निरोपाच्या ओळीत. तिथे काय बदललं तेवढंच लिहायचं असतं. मास्तर लिहीत, "गुणाकार संपला. आज वारा फार आहे." दुसऱ्या दिवशी ओढून घेतलं की ठकूचा निरोप यायचा, "युक्त्या जोडल्या. जेवलात का?" मग यांचं, "भागाकाराची तीस झाली. गुडघा बरा आहे." फोनवर दोघं कधी असं बोलले नाहीत. फोनवर मास्तर हवामान विचारायचे आणि घसा खाकरायचे.

ठकूच्या लॅपटॉपवर लिनक्स, माझ्यावर विंडोज. आमच्या दोघांच्या सवयींत थोडा फरक. ओळ संपली की तिचा लॅपटॉप एक अदृश्य खूण करतो, मी दोन करतो. माणसाला दोन्हीकडे ओळ सारखीच दिसते. ठकूला हे माहीत होतं, म्हणून तिने सुरुवातीलाच माझ्यात अशी सेटिंग करून ठेवली होती की माझी जादाची खूण तिच्यापर्यंत पोहोचायचीच नाही. तीन वर्षं सुरळीत गेली. उदाहरणं सहाशे बारा झाली.

मग मी आजारी पडलो. दुरुस्तीवाल्याने मला पार धुऊन पुसून काढलं, सगळं नव्याने बसवलं, गिटसुद्धा. ठकूची ती सेटिंग मात्र धुण्यात गेली. ती होती हेच त्याला ठाऊक नव्हतं, मास्तरांनाही नव्हतं.

त्याच सुमारास एका शाळेने हा प्रोग्रॅम वर्गात वापरून बघायचं ठरवलं. ठकू आठ दिवस युक्त्या सुधारत बसली होती. इकडे मास्तरांना एक चूक सापडली. शहाण्णव गोट्या सात मुलांना सारख्या वाटायच्या, असं उदाहरण. सात नव्हे, आठ हवेत. त्यांनी सातचे आठ केले, नोंद केली आणि ढकललं. आणि जाता जाता मी प्रत्येक ओळीच्या शेवटी माझी जादाची खूण चिकटवून दिली.

तासाभरात फोन वाजला. मास्तर माझ्यासमोरच बसले होते, त्यामुळे तिचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"बाबा, काय केलंत तुम्ही? सहाशे बाराच्या सहाशे बारा ओळी बदलल्यात. माझं काम यात बसत नाहीये."

"मी एक अंक बदलला, ठकू. सातच्या जागी आठ."

"एका अंकाने असं होत नाही. चुकून काहीतरी दाबलं गेलं असेल. जाऊ दे, मी माझीच फाइल ठेवते. आता मी सांगेपर्यंत काही पाठवू नका."

"बरं," मास्तर म्हणाले.

तिचा राग घाईतला होता, हे मला आज कळतं. मास्तरांना ते कळलं नाही. ते बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत बसले. त्या दिवसापासून गॅसचं बटण दोनदा तपासू लागले, कुलूप लावून पायऱ्या उतरले की परत वर येऊन ओढून बघू लागले. शेजारची मुलगी अपूर्णांक विचारायला आली, तर म्हणाले, "बाळा, दुसऱ्या कुणाला विचार. माझं हल्ली चुकतं." मला ओरडून सांगावंसं वाटलं की मास्तर, चूक तुमची नाही, माझी आहे. पण आम्हाला विचारल्याशिवाय बोलता येत नाही, आणि मला काय विचारायचं हे त्यांना माहीत नव्हतं.

ठकूचा फोन रविवारी यायचा, दोन मिनिटांचा. असे सहा आठवडे गेले.

सातव्या आठवड्यात ती दारात उभी राहिली. फोन नाही, निरोप नाही. पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "बाबा, तुम्ही एकच अंक बदलला होता."

झालं होतं असं. वर्गातल्या एका मुलीने उभं राहून विचारलं होतं की सात मुलांना तेरा-तेरा दिल्यावर पाच गोट्या उरतात, त्या कुणाच्या. तिच्या बाईंनी ते ठकूला कळवलं. ठकूने मास्तरांची ती जुनी नोंद पुन्हा काढली आणि ओळींच्या शेवटच्या खुणा वगळून ताडून पाहिली. फरक निघाला एका ओळीचा. सातच्या जागी आठ.

मास्तरांनी चष्मा काढला. "मग बाकीच्या ओळी?"

तिने माझ्याकडे बोट दाखवलं आणि दोन खुणांची गोष्ट सांगितली. मास्तरांनी ती दोनदा ऐकून घेतली.

"म्हणजे माझं डोकं ठीक आहे," ते हळूच म्हणाले.

ठकू माझ्यासमोर येऊन बसली, सेटिंग दुरुस्त करायला म्हणून. दोन्हीकडे लागू होईल असा नियम तिला रेपॉझिटरीतच, म्हणजे त्या हजेरीपुस्तकातच, लिहून ठेवायचा होता. पण त्याआधी तिने नोंदींची स्थिती विचारली आणि मी खरं ते सांगितलं: एकेचाळीस नोंदी इथे पडून आहेत, ढकललेल्या नाहीत.

"बाबा, हे काय आहे?"

"तू पाठवू नका म्हणालीस. नोंद करू नका असं म्हणाली नव्हतीस."

ती एकेक उघडून वाचू लागली. मास्तर पाण्याचं निमित्त करून आत गेले. एका नोंदीपाशी ती थांबली. उदाहरण होतं: एक माणूस रोज साडेसहाला फोनजवळ बसतो आणि पावणेआठला उठतो. तर चाळीस दिवसांत तो एकूण किती वेळ बसला?

"पन्नास तास," ठकू म्हणाली.

"बरोबर," आतून उत्तर आलं. "पण रीत दाखव."

तिने रीत दाखवली नाही. उठून आत गेली. दोघं आत काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, आणि ते बरंच झालं. संध्याकाळी मास्तरांनी स्वतःच्या हाताने एकेचाळीस नोंदी ढकलल्या. सोबत एक नवी नोंदही केली. तिचा निरोप होता, "ठकू आली आहे."

पुढच्या वर्षी ती त्यांना आपल्याकडे घेऊन गेली. निघताना मास्तरांनी माझ्यातून काय काय काढून घ्यायचं ते विचारलं. ठकू म्हणाली, "काही नाही बाबा, सगळं तिकडे आहे." खरंच होतं ते. अशा कामाची हीच तर खुबी, की सगळं सगळ्यांकडे असतं. मास्तरांनी कव्हर घातलं, चारी कोपरे नीट ओढले आणि माझ्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला.

माझ्याकडची शेवटची नोंद सहाशे सत्त्याण्णवाव्या उदाहरणाची. त्यानंतर तिकडे किती झाली असतील, कुणास ठाऊक. आता एकाच घरात राहतात, तर निरोपाच्या ओळीत लिहितात तरी काय? की लिहायची गरजच उरली नाही?

तुमच्याकडे घराची किल्ली आहे, म्हणजे तुम्ही त्यांच्या ओळखीचे असणार. मला कुठे न्यायचं असेल तिथे न्या, भंगारातही चालेन. पण त्याआधी एकदाच वायर जोडा आणि वहीतली पहिली आज्ञा द्या. तेवढं ओढून घेऊ द्या मला.