जांभळ्या काड्या

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात माझा पहिला नंबर आला आणि मार्तंड सरांनी शाळेचा छोटा सूक्ष्मदर्शक, तार आणि रंग मला शनिवार-रविवारच्या सुट्टीपुरते दिले, तेव्हापासून माझे पाय जमिनीला लागत नव्हते. चिखलीहून मी थेट सुलतानपूर गाठलं, गोकुळमामाकडे. मामाच्या शेततळ्यातल्या रोहूंच्या अंगावर लाल फोड आले होते, आणि अख्ख्या गावात जंतू ओळखू शकेल असं माणूस एकच होतं. मी.

पहिली पायरी सोपी आहे. तारेच्या टोकाने जखमेतलं थोडंसं काचेवर पसरायचं, काच वाळवून शेकायची, वर जांभळा रंग, मग आयोडीन, मग स्पिरिटने धुवायचं आणि शेवटी गुलाबी रंग. धुऊनही जांभळे राहतात ते जंतू एका गटातले, गुलाबी होतात ते दुसऱ्या. शाळेत आम्ही हे दह्यावर शिकलो. दरवेळी कुणीतरी घरून वाटीभर दही आणतं. दह्यातले जंतू जांभळ्या काड्यांसारखे दिसतात.

मामाच्या माशाच्या काचेवर जांभळ्या काड्या दिसल्या. मग मी शेजारच्या विमलबाईंच्या तळ्यातला एक धडधाकट मासा मागून घेतला, त्याच्या कल्ल्यावर तार फिरवली. तिथेही जांभळ्या काड्या.

"मामा, सापडलं. हा रोग विमलबाईंच्या तळ्यातून आला. जाळं त्यांचंच आणलं होतं ना?"

"आनलं त होतं," मामा डोकं खाजवत म्हणाला. "पन तिचे मासे त टकाटक हायेत."

"वरून दिसतात तसे."

लगेच मी मामाच्या मोबाइलवरून मासेवाल्यांच्या ग्रुपवर काचेचा फोटो टाकला, काड्यांभोवती लाल गोल काढून. खाली लिहिलं, विमलबाईंच्या तळ्यात रोगाचे जंतू आहेत, त्यांचं जाळं कुणी वापरू नका. अंगठ्यावर अंगठे आले. चिखलीचे व्यापारी निवृत्तीभाऊ येत्या रविवारी विमलबाईंचे मासे उचलणार होते. त्यांनी लिहिलं, मग नको. विमलबाईंच्या तळ्याचं पाणी उन्हाने पार खाली गेलं होतं, मासे आता निघाले नाहीत तर तळ्यातच मरणार होते. मला मात्र वाटलं, बघा, माझ्या शब्दाला किती वजन आहे.

सोमवारी शाळेत सरांनी माझी काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून डोळा लावला. "छान. ही दह्याची झाली. आता माशाची दाखव."

"सर, माशाचीच आहे ही."

सरांनी मान वर केली. "तार लाल होईपर्यंत तापवली होतीस?"

तळ्यावर वारा होता, मेणबत्ती सारखी विझत होती. "ओढणीला पुसली," मी म्हणाले. मागे पोरी फिसकन हसल्या. सर हसले नाहीत, तेच जास्त लागलं.

मामाचा एक आजारी मासा मी बर्फाच्या डब्यातून आणला होता. सरांनी तार लालबुंद तापवली, निवू दिली, फोडाला लावली. या वेळी सगळ्या काड्या गुलाबी.

"हे रोगाचे जंतू असू शकतात," सर म्हणाले. "पण नाव अजून नाही सांगता येणार. त्यासाठी जंतू वाढवून आणखी चाचण्या कराव्या लागतात. रंगावरून फक्त गट कळतो."

मी तर रंगावरून तळ्याच्या मालकिणीचं नाव सांगून बसले होते. मामाला फोन करून म्हटलं, तो फोटो सगळ्यांसाठी पुसून टाक. पण तोवर तो गावभर फिरला होता.

दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून मी एसटीने सुलतानपूरला गेले. मामाचा मोबाइल मागून घेतला. विमलबाई तळ्याच्या काठावर बसल्या होत्या. हात चुन्याने पांढरे.

"ये वो डाक्टरीनबाई. तू म्हनली म्हून पान्यात चुना टाकला. मले त मासे चांगलेच दिसत होते. म्हटलं, मलेच दिसत नसन."

मला वाटलं, त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मावशी, तुमच्या माशांना काही नव्हतं. ते दही होतं."

"काय होतं?"

"दही. माझ्या तारेला शाळेतलं दही लागलेलं होतं."

त्यांनी हातावरचा चुना झटकला. "म्हंजे माह्या तळ्याले दह्याचा रोग झाला."

मी मान डोलावली.

"मले काऊन सांगून राह्यली? ज्याइले सांगतलं त्याइले सांग. लिहू नको, बोलून सांग. तुहा आवाज आयकू दे."

मी मोबाइल तोंडाशी धरला. "नमस्कार. परवाच्या तपासणीत थोडी चूक झाली होती..."

"कोनाची?"

पुसलं. "माझ्याकडून एका तळ्याबद्दल..."

"कोनाच्या? तवा त नाव घेतलं होतं."

पुन्हा पुसलं. शेवटी सगळं बोलले, त्यांचं नाव, माझं नाव, दही, ओढणी. बोलताना कान जळत होते. प्रदर्शनात माइकवर बोलले तो हाच आवाज होता.

पहिल्यांदा हसरी तोंडं आली. ओळीने. मग निवृत्तीभाऊंचा आवाज: "बरं. रविवारी गाडी आनतो, पन मासे माह्या डोयानं पाहून घेईन. आन ताई, दही जरा दूर ठेवजा."

विमलबाई हसल्या नाहीत. "गाडी आली त जाळं लागन. ते तुह्या मामाकडे पडलं हाये, त्या फोडवाल्या माशाइत भिजलेलं."

खरा रोग आता त्या जाळ्यातून यांच्या तळ्यात गेला असता.

मी मामाकडून जाळं ओढत आणलं, ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून ठेवलं, मग हौदापाशी बसून धुवायला लागले. हात चुरचुरत होते. एका जागी चिकटलेला खवला निघेना, म्हणून मी सवयीने ओढणीचं टोक धरलं.

"पुसू नको," विमलबाई मागून म्हणाल्या. "धू."