येटोगा

"परत लाव बघू," पद्मिनीकाकू मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाल्या.

हलिनाने फोनवरचं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. तिच्या आईचा, मरणाच्या आदल्या दिवशीचा थकलेला आवाज. काकूंनी फोन कानाशी धरला.

काकू कोल्हापूर सोडून अमेरिकेत फ्रिस्कोला आल्या त्याला तीन वर्षं झाली. मुलगा-सून ऑफिसात. नातवाला मराठीत काहीही विचारा, "आय ॲम फाइन, आजी" म्हणून खोलीचं दार बंद! बोलायचं तरी कुणाशी, फ्रिजशी? अशात शेजारची ही लेखिका भेटली. तिचे आईवडील दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधून परागंदा झाले ते थेट कोल्हापूरजवळ, वळिवड्याच्या निर्वासित छावणीत. पोरवय तिथंच गेलं दोघांचं. मग काय, रोज दुपारी चहा आणि विषय एकच. त्या रेकॉर्डिंगमध्ये आईने हाक मारली ती 'येटोगा' कोण? हलिनाच्या मते छावणीत ताटातूट झालेली मावशी. तिच्यावर पुस्तक लिहिणं चाललं होतं. ना नवरा, ना मूल. मावशीची लेकरं कुठंतरी असतील, एवढ्या आशेवर बाई जगत होती.

आजवर काकूंनी ते नाव हलिनाच्याच तोंडून ऐकलेलं. आज आईच्या तोंडून ऐकलं आणि लख्ख कळलं.

गप्प राहावं? राहिलं तर उद्याचा चहा होता. शोध संपल्यावर या म्हातारीला कोण कशाला बोलावतंय! पण म्हणून हिला असं झुलवत ठेवायचं? काकूंना स्वतःचीच लाज वाटली.

"हलिना, हे नाव नाही गं. मराठी आहे. 'येतो गं.' आमच्या कोल्हापुरात बायकासुद्धा येतोच म्हणतात."

"म्हणजे?"

"निघताना म्हणायचं. 'जातो' म्हणू नये, अशुभ असतं. परत यायचंय ना, म्हणून 'येतो'."

"आणि मावशी?"

"मावशी नाही. तुझाच निरोप घेत होती ती."

 हलिना हळूच म्हणाली, "म्हणजे माझं कुणीच नाही."

काकूंनी तिचा हात धरला. 

"यावर घरात राहिलेल्याने काय म्हणायचं असतं?" हलिनाने विचारलं.

"'ये' म्हणायचं."

हलिनाने फोन दोन्ही हातांत घेतला. रेकॉर्डिंग केव्हाच संपलं होतं.

"ये," ती म्हणाली.