उजवा कोपरा

पुठ्ठ्यात कागदाचे तंतू कसे पसरावेत, हे कुणाच्याच हातात नसतं. दोन खोकी दिसायला सारखी असतील, पण भिंगाखाली धरली की प्रत्येकाची जाळी वेगळी. म्हणून औषधांच्या त्या कारखान्यात प्रत्येक खोक्याच्या डाव्या कोपऱ्याचा फोटो काढून त्याच्या नंबराखाली ठेवत. नकली माल करणारे छपाई उचलतील, चकाकती पट्टी उचलतील. तंतू कुठून आणणार? संशयाचं खोकं आलं की तपासनीस ते भिंगाखाली धरायचा, शेजारी जुना फोटो लावायचा आणि सांगायचा, खरं की खोटं. बावीस वर्षं तो म्हणेल ती पूर्व दिशा होती, आणि हे त्याला जरा जास्तच आवडायचं.

पाच महिन्यांपूर्वी त्याच्या मेहुण्याच्या औषधाच्या दुकानातलं खोकं तक्रार होऊन आलं. दुसऱ्या कुणी ते सहकाऱ्याकडे सरकवलं असतं. यानं मुद्दाम स्वतःकडे ठेवलं. आपलेच दात, आपलेच ओठ असले तरी आपण कसे चावतो, हे त्याला जगाला दाखवायचं होतं. खोकं खोटं निघालं. दुकानाला टाळं लागलं, आणि पायरीशी माणसं जमलेली असताना तो मेहुण्याला म्हणाला, "आजारी माणसांच्या जिवावर उठलास, लाज नाही वाटत?" बायकोनं सख्ख्या भावाला दार बंद केलं. नवऱ्याचं भिंग चुकत नाही, हे ती लग्नापासून ऐकत आली होती.

आज मेहुणा कचेरीत आला. हमाली करून त्याचे खांदे उतरले होते. हातात त्याच खेपेतलं एक खोकं होतं.

"पोरीच्या खोकल्यासाठी घरी ठेवलं होतं, भाऊजी. तुमच्याच कारखान्याचा माल आहे हो. एकदा बघा. खोटं निघालं तर पुन्हा तोंड नाही दाखवणार."

"बाहेर बस."

तो खोकं घेऊन येणार असल्याचा निरोप घरी आधीच आला होता, आणि सकाळी बायको म्हणाली होती, "खरं निघालं तर त्याला जेवायलाच घेऊन या."

त्यानं सवयीनं डावा कोपरा धरला. जुळेना. खोकं बाजूला सारणार, तेवढ्यात फोटोच्या कडेला घडी दिसली. घडी उजव्या कोपऱ्याला असते. मग आठवलं. त्या एका खेपेला यंत्र बिघडलं होतं, म्हणून उजव्या कोपऱ्याचे फोटो काढले होते. तशा सूचनेचा कागदही टेबलांवरून फिरला होता आणि वाचल्याची सही यानंच ठोकली होती, न वाचता.

त्यानं खोकं फिरवलं. आकड्यासारखा वाकलेला तंतू, त्याला छेदून गेलेले दोन, शेजारचा भोवरा, सगळं जुळलं.

एका शब्दानं दुकान उघडलं असतं. पण शेजारच्या टेबलांवरच्या माना वर झाल्या असत्या, आणि 'म्हातारा चुकला' म्हणून कारखानाभर झालं असतं. मेहुण्याची दया आली, नाही असं नाही. स्वतःची जास्त आली. माणूस असाच असतो, असं असली माणसंच म्हणतात. पहिलं खोकं नियमाप्रमाणे कधीच जाळलेलं होतं. राहिलं होतं हे एक.

त्यानं अंगठा जिभेला लावला आणि उजवा कोपरा घासायला घेतला. तंतू उठले, निळ्या पट्टीची शाई पसरली, कोपऱ्याचा लगदा झाला.

"खोटंच आहे," तो बाहेर येऊन म्हणाला.

मेहुणा बाकावरून उठलाच नाही. "म्हणजे मीच फसलो. मागची बाटली पोरीला पाजली मी, भाऊजी. या हातानं."

"वाचली, नशीब समज."

"पाच महिने तुम्हाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. माफ करा मला."

"केलं माफ," तपासनीस म्हणाला, आणि वर त्याच्या खांद्यावर हातही ठेवला.

घरी तीन ताटं मांडलेली होती. बायकोनं त्याच्या मागे दाराकडे पाहिलं.

"एकटेच?"

"खोटंच निघालं."

तिसरं ताट उचलून तिनं फळीवर ठेवलं आणि पदरानं डोळे पुसले. मग तिचं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं.

"अंगठ्याला काय हे?"

"शाई. कामाची."

"लोकांची पापं निस्तरता निस्तरता हात घाण होतात तुमचे," ती म्हणाली. तिनं त्याला मोरीशी नेलं, साबण घेतला आणि रडत रडत तो अंगठा स्वतःच्या हातानं स्वच्छ घासून काढला.