काळा ठोकळा

पेटीत हात घालून अर्लिस टोलेफसनने गोटी सोडली. गोटी घरंगळते. ही टक्क करून जागच्या जागी बसली. म्हणजे ती गोटी नव्हती, ठोकळा होता.

भगिनी मंडळात नवी बाई घ्यायची तर प्रत्येकीने पेटीत गुपचूप पांढरी गोटी टाकायची. नको असेल तर काळा ठोकळा. एक ठोकळा निघाला तरी बाई परत घरी. आज बाहेर बोळात घडीच्या खुर्चीवर बसलेली बाई म्हणजे अर्लिसची सून, जनेल.

मंडळाची गाडी दर महिन्याला गावातली पोरं दोनशे मैलांवरच्या मुलांच्या इस्पितळात नेते. गाडी फक्त सभासदानेच चालवायची, असा नियम. ती चालवणाऱ्या बर्निसचे डोळे गेल्यापासून गाडी उभीच होती आणि मंगळवारी सहा वर्षांच्या मॅटीला नवा कृत्रिम पाय बसवायचा होता. जुना आखूड पडला होता. उरलेल्या सातजणींत बर्फातून गाडी हाकेल अशी एकही नव्हती. जनेल शाळेची बस चालवायची.

राणीने, म्हणजे यंदाच्या अध्यक्षा मॅक्सीनने, पेटी उघडली. डोक्यावरचा मुकुट सावरला.

"एक काळा."

सहाजणी छताकडे बघायला लागल्या. छतात बघण्यासारखं काही नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी जनेलने नाताळात बटाट्याच्या पोळ्या दुकानातून आणल्या होत्या, त्यावर अर्लिस काय बोलली ते सगळ्या गावाला पाठ होतं.

"चूक झाली असेल," मॅक्सीन म्हणाली. "पुस्तकाप्रमाणे पुन्हा टाकू."

अर्लिसने हातमोजा काढला. यंदा मागवलेले पांढरे मोजे आतून लोकरीचे निघाले होते. त्यातून गोटी काय नि ठोकळा काय.

"मोजा घाल," दारावरची फिलिस म्हणाली. "उघडा हात चालत नाही."

"मला कळत नाही गं हाताला."

"एकतीस वर्षं कळलं, आजच कसं नाही?"

अर्लिसने मोजा घातला. पेटीत हात घातला, तसाच बाहेर काढला.

"मघाचा काळा माझा होता. चुकून."

फिलिसने तोंडावर हात ठेवला. आपण काय टाकलं ते सांगितलं, की वर्षभर दाराबाहेर. हा नियम नवख्या सभासदाला पहिल्या दिवशी शिकवतात. शिकवायचं काम अर्लिसचंच.

"चुकून?" मॅक्सीनने विचारलं.

"बहुतेक," अर्लिस म्हणाली. तिला खोटं बोलायचं नव्हतं.

फिलिसने रीतीप्रमाणे तिचा दंड धरून तिला बाहेर नेलं, आणि रीतीत नसताना तिचा कोट आणून दिला.

"झालं का?" जनेलने विचारलं.

"नाही. पुन्हा टाकतायत. तीनदा ठोकलं तर आत जायचं. एकदा ठोकलं तर घरी."

"मग तुम्ही बाहेर कशा?"

अर्लिस बाजूच्या खुर्चीवर बसली. "मी तुला काळा टाकला. ते सांगितलं, म्हणून हाकललं."

जनेल खुर्चीसकट तिच्याकडे वळली.

"मुद्दाम?"

"हातमोजा जाड होता."

"अर्लिस."

"हात म्हणतो चुकून. बाकीच्या अंगाचं मी सांगू शकत नाही."

जनेलला हसू आलं. तिने ते दाबलं, पण सगळं नाही.

"मंगळवारी पाचला तयार राहा. घेतलंच तर. मॅटी मला ओळखत नाही, तुम्हाला ओळखते."

"मी वर्षभर सभासद नाही."

"चालवायला सभासद लागतो. शेजारी बसायला कोण लागतं, काय लिहिलंय पुस्तकात?"

अर्लिसने पहिल्या पानापासून आठवून बघितलं. वेळ लागला. जनेल थांबली.

"काहीच नाही," अर्लिस म्हणाली. "आणि रस्ताभर रेडिओ लावायचा नाही."

"लावणार."

आतून दारावर टकटक झाली. एक. दोन. मग इतका वेळ काहीच नाही, की अर्लिसने खुर्चीची कड धरली. फिलिसला ठोकायच्या आधी खोकला यायचा. खोकली. तीन.

जनेल उठली, स्वेटर खाली ओढला.

"उजवा पाय आधी," अर्लिस हळूच म्हणाली. "हेही सांगायचं नसतं."