डेमारियो प्रुइटला मी कसा अडवला

खरं सांगायचं तर डेमारियो प्रुइटला आजवर कुणीच अडवलेलं नाही. पण आमच्या गावात सप्टेंबरपासून मार्चपर्यंत असं पक्कं ठरलं होतं, की एका पठ्ठ्याने त्याला अख्खा सामना जागचा हलू दिला नाही, आणि तो पठ्ठ्या म्हणजे मी, कोल्बी हार्गेट. हे ठरवलं माझ्या बाबांनी. बाबा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतात, एरवी महिन्याला शंभर शब्द बोलले तर डोक्यावरून पाणी. पण त्या सामन्यानंतर न्हाव्याच्या दुकानात बसून ते ही गोष्ट अशी काही तिखटमीठ लावून सांगायचे, की केस कापून झालेली माणसंही उठत नसत.

मी आमच्या छोट्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा सेंटर. म्हणजे वाकून चेंडू दोन पायांमधून मागे द्यायचा आणि त्याच क्षणी समोरून येणाऱ्याला छातीवर घ्यायचं. आमच्याकडून आजपर्यंत कुणी पोरगा पैसे घेऊन खेळणाऱ्या मोठ्या संघांत गेलेला नाही, जाणारही नाही. दर सप्टेंबरला दक्षिणेकडचं मोठं कॉलेज आम्हाला पाहुणे म्हणून बोलवायचं आणि यथेच्छ मार देऊन परत पाठवायचं. त्यांच्या बचावाच्या फळीत बरोबर माझ्या नाकासमोर डेमारियो उभा असायचा. टॅकल. तीनशे वीस पौंड, मान नावाची गोष्ट नाहीच. या टॅकलचं काम मोठं फुटक्या नशिबाचं असतं. आमच्यासारखे दोन-दोन जण अंगावर घ्यायचे आणि जागा सोडायची नाही. म्हणजे मागची पोरं मोकळी पळतात, चेंडूवाल्याला पाडतात आणि टाळ्या घेतात.

पहिल्या वर्षी त्याने मला उचलून बाजूला ठेवलं, आमची आई खुर्ची ठेवते तसं. वर हात देऊन उठवलं आणि म्हणाला, "ऊठ दादा, अजून तीन तास काढायचेत." तेव्हापासून आमची दोस्ती, तीही फक्त मैदानातली. वर्षातून एक शनिवार. दोन डावांच्या, म्हणजे दोन झटापटींच्या, मधल्या वीस-तीस सेकंदांत तो बोलत राहायचा. आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन, वसतिगृहातलं बेचव जेवण, माझ्या बहिणीचं लग्न ठरलं का. विचारून झालं, की पुढच्याच क्षणी मी उताणा. अशा माणसावर रागवायचं तरी कसं? मला तो मनापासून आवडायचा, आणि मार खाऊनही आवडायचा हे मी घरी कुणाला सांगत नव्हतो.

चौथ्या वर्षी मात्र गंमत झाली. एकसष्ट डावांत डेमारियोला एकही माणूस पाडता आला नाही. आम्ही हरलो, पण फक्त तीन गुणांनी. आमच्या गावात तो विजयच धरला गेला.

मार्चमध्ये डॅन्फर्थ साहेबांचा फोन आला. हे एका व्यावसायिक संघासाठी कॉलेजातली पोरं पारखणारे गृहस्थ. सत्तरीला टेकलेले, चाळीस वर्षं हॉटेलांत झोपलेले, दोन्ही गुडघे गेलेले. डेमारियोबद्दल बोलायचंय म्हणाले. बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि रविवारी प्रार्थनेनंतर जेवायलाच या म्हणून आग्रह केला. आईने तळलेली कोंबडी, बटर बीन्स, मक्याचा पाव, केळ्याचं पुडिंग असा बेत केला. बाबांनी तर नवा शर्ट घातला.

साहेबांनी आधी नीट जेवून घेतलं, आईचं कौतुक केलं, मग ताट सरकवून लॅपटॉप उघडला. त्यांनी डेमारियोचे त्या मोसमातले सगळे अकरा सामने पाहिले होते. दहा सामन्यांत पोरगा सोनं आहे म्हणाले, आणि अकराव्यात माती. तो अकरावा आमचा. त्यांच्या संघातले वरचे लोक तोच सामना पुन्हापुन्हा लावत होते. जो पोरगा हार्गेट नावाच्या कुणा पोराला हलवू शकत नाही, तो आमच्या राक्षसांपुढे काय दिवे लावणार, असं त्यांचं म्हणणं. मंगळवारी साहेबांना आपलं मत लेखी द्यायचं होतं. एप्रिलमध्ये मोठे संघ सात फेऱ्यांत कॉलेजातली पोरं निवडतात. आत्ता खाली घसरला तर कदाचित कुणीच नाव घेणार नाही, आणि मग तो आजीच्या गावी जाऊन लाकडाच्या वखारीत ओंडके उचलणार, एवढं त्यांनी सरळ सांगितलं.

"मला एकच कळायला हवं," साहेब म्हणाले. "तू नेमकं केलंस काय?"

उत्तर बाबांनीच दिलं. पोरगा खाली बसला होता, कंबर जमिनीला लागेल इतका खाली, आणि जो खाली तो जिंकतो, हे मी त्याला अंगणात शिकवलंय, म्हणाले. खरं तर अंगणात मला काही शिकवायला बाबा घरी कधी असायचे? पण साहेब मान डोलावत ऐकत होते आणि बाबा खुलत होते. त्यांनी साहेबांना तिसरा डाव लावायला लावला, मग नववा. त्यांना सगळे डाव नंबरांसकट पाठ होते. आई माझ्याकडे बघत होती, कारण माझ्या ताटातली कोंबडी तशीच होती.

आता गप्प राहणं किती सोपं होतं, तुम्हीच सांगा. झाकली मूठ सव्वा लाखाची. पंचांनी पाहिलं नाही, कॅमेऱ्यात धड दिसलं नाही, सामना होऊन सहा महिने झाले. खाली वाकलो होतो म्हणालो असतो तर बाबांची मान कायमची ताठ राहिली असती. डेमारियोचं काय, तो बघून घेईल, असंही मनात आलं. आलं ते आलं, लपवत नाही.

तेवढ्यात साहेबांनी चौथ्या सत्रातला एक डाव थांबवला. शिट्टी झालेली होती, आणि डेमारियो माझ्या शिरस्त्राणाला शिरस्त्राण टेकवून काहीतरी बोलत होता.

"काय म्हणतोय तो इथे?"

मला शब्द न् शब्द आठवत होता. मी पाणी प्यायलो.

"सोड म्हणून सांगणार नाही, पण बोटं मोडतील तुझी. असं म्हणाला," मी म्हटलं. "मी धरलं होतं त्याला, साहेब."

बाबा हसले. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. साहेब हसले नाहीत.

"दाखव."

म्हणजे स्वयंपाकघरातच. साहेब कण्हत, टेबलाला धरून उठले आणि गेलेल्या गुडघ्यांवर शक्य तितके वाकून माझ्यासमोर उभे राहिले. मी त्यांच्या डाव्या काखेच्या जरा खाली माझा उजवा हात घातला आणि शर्ट मुठीत घेतला. तिथे खांद्याच्या चिलखताची कड येते. ती एकदा मुठीत आली, की समोरचा कितीही बलदंड असो, तो तुम्हाला घेऊनच फिरतो. हात दोघांच्या छात्यांच्या मधे, पंच माझ्या पाठीमागे, दिसणार कुणाला? तो जोरात वळला की सोडायचं, परत धरायचं. नियमाने हे चालत नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं.

"किती वेळा?"

"पहिले दोन डाव सोडून सगळे."

"पंचाकडे गेला नाही तो?"

"एकदाही नाही. आणि कमीही आला नाही. पहिल्या डावाला जेवढ्या जोराने आला तेवढ्याच जोराने एकसष्टाव्याला आला. दोन बोटं मोडली माझी. दारात सापडली म्हणून आईला सांगितलं होतं." आईने तोंडावर हात ठेवला. "सामना संपल्यावर तोच माझ्यासाठी बर्फ घेऊन आला. त्याच्यात काही खोट नाही हो. जी काय माती आहे ती माझी आहे."

साहेब हळूच खाली बसले. छोट्या वहीत बराच वेळ लिहीत होते. मला वाटलं सुटलो. पण म्हातारा चाळीस वर्षं उगाच फिरला नव्हता. त्याने चष्म्यावरून बघत विचारलं की मागची तीन वर्षं तर तू सरळ खेळलास आणि सरळ मार खाल्लास, ते सामनेही मी पाहिलेत. मग याच वर्षी हे का?

मी कितीतरी सबबी सांगू शकलो असतो. शेवटचं वर्ष होतं, प्रशिक्षक ओरडत होते. पण एक खरं बोललं, की दुसरं त्याच्यामागून येतंच.

"त्या दिवशी बाबा बघायला आले होते," मी म्हटलं.

चार वर्षांत चाळीसेक सामने झाले माझे. बाबांनी पाहिला तो एवढा एक. शनिवारी त्यांची गाडी नेहमी कुठल्यातरी दुसऱ्या राज्यात असायची, त्याला ते तरी काय करणार? त्या दिवशी ते वर, चौथ्या रांगेत, डबीतले शेंगदाणे खात बसलेले मला दिसले आणि यांच्यासमोर मी उताणा पडणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात बसलं. हे काही मी बोललो नाही. बोलायची गरजही राहिली नव्हती.

बाबांनी हातातला काटा ताटात ठेवला, मग उचलून ताटाच्या बाजूला ठेवला. साहेबांच्या वहीकडे बोट दाखवून म्हणाले, "हेही लिहून घ्या. चार वर्षांत मी एकदाच गेलो. दर शनिवारी गेलो असतो तर पोराला कुणाला धरायची पाळी आली नसती."

"हे लिहायला माझ्या कागदावर जागा नाही, मिस्टर हार्गेट," साहेब म्हणाले, आणि वही मिटली.

आईने सगळ्यांना गोड चहा ओतला. साहेबांनी पुडिंग दोनदा घेतलं. जाताना त्यांनी बाबांचा हात जरा जास्तच वेळ हातात धरला. ते गेल्यावर बाबा अंगणात जाऊन ट्रकचे टायर तपासत राहिले. टायर नवेच होते. मीही गेलो नाही, तेही आत आले नाहीत. त्या रात्री मला वाटलं, कॉलेजात मिळवलेली एकच गोष्ट होती आपल्याकडे, तीही आपल्याच हाताने घालवली.

सोमवारी सकाळी, गाडी काढायच्या आधी, बाबा न्हाव्याच्या दुकानात गेले. हे मला न्हाव्यानेच नंतर सांगितलं. दाढी-कटिंग काही नाही, नुसते उभे राहिले आणि म्हणाले, की ती गोष्ट आजवर मी चुकीची सांगत आलो, माझ्या पोराने धरलं होतं, आणि ते त्याने स्वतः, जेवणाच्या टेबलावर, पाहुण्यासमोर कबूल केलं. कुणीतरी मागून टोमणा मारला, म्हणजे सिंह नव्हता, गोचीड होता. बाबा म्हणाले, "हो, गोचीडच. पण आता जो सांगेल त्याने खरी सांगायची." आणि निघून गेले. मला यातलं एक अक्षर ते स्वतःहून बोलले नाहीत.

एप्रिलच्या एका शनिवारी चौथ्या फेरीत डेमारियोचं नाव पुकारलं. साहेबांच्याच संघाने घेतलं. मी ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानात कामावर होतो, एका गिऱ्हाईकाचं इंजिन उघडं टाकून टीव्हीपुढे उभा. मी अभिनंदनाचा निरोप पाठवला. तासाभराने उत्तर आलं, "बोटं बरी झाली का, दादा?"

ऑक्टोबरात बाबांनी चार दिवसांची रजा घेतली. माझ्या आठवणीत त्यांनी कधी रजा घेतली नव्हती. रविवारची प्रार्थना बुडवली म्हणून आई चिडली, पण तिनेच डबा भरून दिला. सात तास गाडी चालवून आम्ही डेमारियोच्या संघाच्या मैदानावर पोचलो. जागा इतक्या वर होत्या, की माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. बाबांनी येताना दुर्बीण आणली होती. बाकीचं सत्तर हजारांचं मैदान चेंडूकडे बघत होतं. बाबांनी एकदाही चेंडूकडे बघितलं नाही, त्यांची दुर्बीण डेमारियोवरच होती.

दुसऱ्या सत्रात ते ताडकन उठले. "धरतोय! अहो धरतोय तो, पंच!" खालच्या रांगेतल्या बायकांनी वळून पाहिलं. बाबांचं लक्षच नाही. पुढच्या डावाला पुन्हा तेच, घसा ताणून. मग खाली बसले, दुर्बीण माझ्या हातात दिली आणि हळूच माझ्याकडे झुकले.

"उजव्या हाताने ना रे?"

मी बराच वेळ बघितलं. डेमारियो त्या माणसाला अंगाला लटकवून घेऊन तसाच पुढे जात होता.

"हो बाबा, उजव्याच," मी म्हटलं.

मग आम्ही दोघंही उभे राहून ओरडलो.